हात मांडीवर, अपडेट चालू आहे

माझी आत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांकडे बघत नाही, यंत्रांकडे बघते. कुठे लाल ठिपका दिसतोय का, कुठल्या कोपऱ्यात ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असं काही लुकलुकतंय का, हे तिला चपला काढता काढताच कळतं. "अहो, तुमच्या टूथब्रशचं अपडेट आलंय!" हे तिनं माझ्या होणाऱ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. चहा यायच्या आत तिनं तो ब्रश फोनला जोडलाही होता. लग्न सुखरूप पार पडलं, पण सासूबाई अजून विचारतात, "त्या ब्रशवाल्या आत्या कशा आहेत?"

आत्या मजेत आहे. तिला अख्खी गल्ली अपडेट आत्या म्हणते आणि तिला ते आवडतं. आजकाल प्रत्येक यंत्राच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, आणि कंपनी तो अधूनमधून सुधारून पाठवते. फर्मवेअर म्हणतात त्याला. तुम्ही-आम्ही ‘नंतर आठवण करा’वर बोट ठेवून मोकळे होतो. आत्यानं ते बटण आयुष्यात दाबलेलं नाही. तिच्या मते, कुणीतरी कुठेतरी बसून आपल्या वजनकाट्याचा विचार केला, रात्रंदिवस डोकं लढवून तो सुधारला आणि फुकटात घरपोच पाठवला, तर तो न घेणं म्हणजे निव्वळ माजोरडेपणा.

ती बाजाराच्या मागच्या गल्लीतली लाँड्री सांभाळते. लोक येतात, कपडे यंत्रात टाकतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर फोन बघत बसतात, कपडे घेऊन जातात. आत कायम साबणाचा वास, गोल काचांवर वाफ, आणि भिंतीला एक दोरी, जिच्यावर आत्यानं जोडीदार हरवलेले मोजे चिमटे लावून टांगून ठेवलेत. एकदा तिनं तिथल्या सगळ्या यंत्रांचं अपडेट केलं. त्या दिवसापासून धुऊन झालं की यंत्रं नुसतं बीप न करता एक छोटी धून वाजवू लागली. चार यंत्रं एकदम थांबली की चार धुनी एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मालकानं कपाळावर हात मारून घेतला. आत्या मात्र हरखून गेली होती. "ऐकलंस? इतकी वर्षं बिचाऱ्यांना गाताच येत नव्हतं!"

अपडेट करायची तिची एक रीत आहे आणि ती मोडलेली तिला खपत नाही. आधी ‘काय नवीन आहे’ हा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. तो वाचणारी ती जगात एकटीच असावी. लिहिणाऱ्यानंसुद्धा परत वाचला नसेल. मग केबल लावायची, बटण दाबायचं आणि हुकूम सोडायचा, "हात मांडीवर!" काम पूर्ण होईपर्यंत खोलीतल्या प्रत्येकानं दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचं. केबलला धक्का नाही, स्विचला बोट नाही, पंखा लावायचा असेल तर घाम पुसा. कारण मध्येच वीज गेली तर पोटातला जुना प्रोग्रॅम निघून गेलेला असतो आणि नवा पुरता आलेला नसतो. यंत्र मग ना घरचं ना दारचं.

आणि अशा बाईचा सख्खा थोरला भाऊ कोण, तर माझे बाबा.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. इंजिन चालतंय तोवर ते उघडायचं नाही, हा त्यांचा धर्म. आत्या फोन घेऊन जवळ आली रे आली की ते ठरलेलं वाक्य टाकायचे, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." याला कारणही होतं. एकदा आत्यानं आमचा टीव्ही अपडेट केला आणि तो परक्या भाषेत बोलायला लागला. बातम्या सापडेनात, आवाज कमी करायला जावं तर चित्र पिवळं व्हायचं. टीव्ही ताळ्यावर आला, पण बाबांचा विश्वास उडाला तो उडालाच.

निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून मी माझा जुना गेमचा डबा त्यांच्याकडे आणून ठेवला. सोबत दोन कंट्रोलर. मला वाटलं, महिनाभर खेळतील आणि धूळ खात पडेल. कसलं काय! बाबा फुटबॉलच्या गेमला असे चिकटले की जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. डाव्या अंगठ्याखालची दांडी झिजली तेव्हा त्यांनी तिच्यावर डेपोतला एक काळा रबरी वॉशर बसवला. मला तो भयंकर दिसायचा. बाबा म्हणायचे, "बस थांबवलीय याच्या भावंडांनी, फुटबॉल काय चीज आहे."

दर गुरुवारी दुपारी त्यांच्याशी खेळायला वस्ताद यायचा. वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी. गुरुवारी त्याचं दुकान बंद. आमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो स्वतःचा कंट्रोलर दुकानाच्या टॉवेलात गुंडाळून आणायचा. मग दोन मोठी माणसं सोफ्याच्या कडेवर बसून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि शेवटी चहा पिऊन गळ्यात गळे घालायची.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही हळूहळू परत आली, पण उजवा हात खांद्याला टांगून ठेवल्यासारखा झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई दर वेळी बजावायच्या, "काका, बोटांत जीव आहे. मी बघितलंय. पण तुम्ही वापरलीच नाहीत तर ती विसरून जातील." बाबा मान डोलवायचे आणि त्या गेल्या की तो हात चादरीखाली लपवायचे. कंट्रोलर बुटांच्या खोक्यात घालून त्यांनी मला कपाटावर ठेवायला लावले. वस्तादला निरोप धाडला, येऊ नकोस. गुरुवारी दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी नवऱ्याला सांगून त्यांच्याकडे राहायला आले होते, आणि खरं सांगते, मला त्या हाताची भीती नव्हती. माणूस आतून बंद पडत चालला होता, त्याची भीती होती.

अशाच एका गुरुवारी दुपारी आत्या लाँड्रीतून पळत आली. जिना चढून दम लागलेला, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी ओला मोजा. मोजा आपल्या हातात आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"दादा! ऊठ! तुझ्या कंट्रोलरचं अपडेट आलंय!"

"मला नको," बाबा भिंतीला म्हणाले.

"आधी ऐक तरी!" ती पलंगाच्या कडेवर बसली, श्वास घेतला आणि बातम्या द्याव्यात तशी सुरू झाली. "काय नवीन आहे. एक. आता दोन कंट्रोलर जोडून एकाच खेळाडूसारखे वापरता येतील. काही बटणं एकानं दाबायची, काही दुसऱ्यानं. कळलं का? दोघं मिळून एक! दोन. मागच्या बटणाला किती दाब लागावा ते आता आपण ठरवायचं, अगदी हलका स्पर्शही चालेल. तीन. किरकोळ सुधारणा." मग तिचा आवाज जरा खाली आला. "या मॉडेलसाठी हे शेवटचं अपडेट आहे."

मी दारात उभी होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खेळाडूला पळवायचं काम डाव्या हाताचं, आणि बाबांचा डावा हात ठणठणीत होता. उजवीकडची बटणं दुसरं कुणी दाबली तर? मी जवळजवळ ओरडलेच, "बाबा, तुम्ही खेळू शकाल!"

"दुसऱ्याच्या हातानं?" बाबा म्हणाले. "चालतंय ते..." आणि थांबले. कारण काहीच चालत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. ते चिडून उठले, काठी घेतली आणि फेऱ्या मारायला निघून गेले. घरात फेऱ्या मारायच्या, एवढा एकच व्यायाम ते निमूटपणे करायचे. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

आत्या नकार मनावर घेणाऱ्यांतली नाही. तिनं स्टूल ओढलं, कपाटावरून खोकं काढलं आणि बैठकीत टेबलावर माझा लॅपटॉप मांडला. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली, वीज लावली तरच तो चालायचा; बैठकीतल्या प्लगमध्ये टीव्ही आणि गेमचा डबा होते म्हणून लॅपटॉपची वायर लांबवर, बाहेरच्या पॅसेजमधल्या बोर्डाला लावली. पहिला कंट्रोलर जोडला. "हात मांडीवर!" आम्ही दोघी शाळेतल्यासारख्या बसलो. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत भरली, कंट्रोलर एकदा थरथरला, दिवा हिरवा झाला. आत्यानं त्याचा मुका घेतला.

मग बाबांचा, वॉशरवाला. पट्टी अर्धी भरली. अर्ध्याच्या पुढे गेली. माझी बोटं मांडीवरच नाचायला लागली.

पॅसेजमधून ‘टक’ असा आवाज आला आणि लॅपटॉप काळा झाला.

डेपोत शेवटी निघताना सगळ्या शेडचे दिवे बंद करत जायचं काम बाबांकडे होतं. सगळा जन्म ते केलेला माणूस. बोर्डावर लाल दिवा चालू दिसला आणि जवळपास कुणी नसलं की त्यांचं बोट आपोआप तिकडे जातं. या घरात कितीदा तरी माझा फोन चार्ज व्हायचा राहिलाय तो याच कारणानं. आम्ही दोघी बटणावर बटण दाबत होतो, पण वॉशरवाला कंट्रोलर गपगार पडला होता. ना दिवा, ना थरथर. तसले कंट्रोलर आता दुकानात मिळत नाहीत.

बाबा दारात येऊन उभे राहिले. टेबलाकडे बघितलं, आमच्या तोंडांकडे बघितलं. "मी बंद केलं?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "कुठल्या हातानं?"

"काय?"

"स्विच कुठल्या हातानं बंद केलास?"

"डाव्या. त्यातच काठी होती, तिच्यासकट."

"न बघता?"

"स्विचकडे कशाला बघायचं?"

"ऐकलंस?" आत्या माझ्याकडे वळून ओरडली. "काठी धरलेल्या हातानं, न बघता, बरोब्बर! अरे दादा, तू तर तयार आहेस!" इकडे घोटाळा झालेला आणि ही आनंदानं उड्या मारतेय. मला तिला एक धपाटा घालावासा वाटला. पण तिनं तोवर कंट्रोलर उलटा करून चष्मा कपाळावर चढवला होता. पाठीवर एका स्क्रूशेजारी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, तुम्ही कधी बघितलंय? मी नव्हतं बघितलं. त्यात टोकदार काहीतरी दाबून धरायचं, दाबलेलं असतानाच केबल खोचायची आणि दिवा लुकलुकेपर्यंत कुणीही हलायचं नाही. असं केलं की यंत्र पुन्हा पहिल्यापासून प्रोग्रॅम घ्यायला तयार होतं. तयार होतं म्हणजे, नशीब असेल तर.

"तू पॅसेजमध्ये जा," आत्यानं मला फर्मावलं, "आणि त्या बोर्डासमोर उभी राहा. साक्षात ब्रह्मदेव आला तरी स्विचला हात लावू द्यायचा नाही." मग तिनं पदराची सेफ्टी पिन काढली. "दादा, एका हातानं मी कंट्रोलर धरते, एका हातानं केबल. पिन कोण धरणार?"

मी स्विच परत चालू केला, आत्यानं लॅपटॉप सुरू केला. मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले आणि मान लांब करून बघत होते. एरवी बाबांनी ‘नको’ म्हटलं असतं. पण मोडलं होतं त्यांनीच, आणि मोडलेलं तसंच टाकून निघून जाणं या मेकॅनिकला जमणारं नव्हतं. ते खाली बसले. काठी भिंतीला लावली. डाव्या हातात पिन घेतली, भोक शोधलं आणि दाबली. हात जराही थरथरला नाही. आत्यानं केबल खोचली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला पॅसेजमध्ये ऐकू येत होती.

"सोडू?" बाबा पुटपुटले.

"अजिबात नाही."

दिवा लुकलुकला. नारिंगी, बारीक, पण लुकलुकला! "आला!" आत्या किंचाळली. "आला, आला!" बाबासुद्धा म्हणाले, आणि मी उगीचच बोर्डाला मिठी मारली. या वेळी पट्टी भरेपर्यंत घरातल्या तिघांपैकी कुणीही श्वास घेतला नाही. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. डावा त्यांनी ठेवला, उजवा आत्यानं उचलून ठेवला. वॉशरवाला कंट्रोलर टेबलावर थरथरला, दिवा हिरवा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर वस्ताद, काखेत टॉवेलाची गुंडाळी. आत्यानं लाँड्रीतून निघतानाच त्याला फोन केला होता. अपडेट आम्हाला वाचून दाखवायच्या आधी, बाबांना विचारायच्या आधी, काही जमेल की नाही ते कळायच्या आधी. असा तिचा स्वभाव.

"मेकॅनिकसाहेब," वस्ताद दारातूनच म्हणाला, "इतके दिवस हरायला कुणी मिळालं नाही. हात शिवशिवतायत."

बाबांची मान खाली गेली. उजवा हात झाकायला चादर नव्हती. त्यांनी वस्तादकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "ही माझ्या बाजूनं दाबणार," ते म्हणाले. "मला अर्धाच धर."

"अर्धा कसला, तुम्ही दोघं झालात. तक्रार मी करायला पाहिजे."

आत्यानं वॉशरवाला कंट्रोलर बाबांच्या मांडीवर ठेवला. डावा अंगठा वॉशरवर, आणि उजवा हात, बाबा नको नको म्हणत असताना, उजव्या जागेवर. अंगठ्याशेजारचं बोट तिनं मागच्या बटणावर नेऊन टेकवलं. "काही करू नकोस. नुसता ठेव. पडेल नाहीतर कंट्रोलर." मग सेटिंगमध्ये शिरून तिनं काहीतरी खुडबुड केली. गोल मारायचं काम त्या मागच्या बटणालाही दिलं आणि दाब हलक्यात हलका केला, एवढं मला पडद्यावर दिसलं.

खेळ सुरू झाला आणि एक गोष्ट उघडी पडली. आत्यानं जन्मभर सगळ्यांचे कंट्रोलर अपडेट केले होते, पण एकही गेम कधी खेळली नव्हती. पास म्हटलं की ती फाऊल करायची. "दे!" म्हटलं की "कुणाला?" विचारायची. बाबांचा खेळाडू वाऱ्यासारखा पळायचा, दोघांना चकवायचा, गोलसमोर पोचायचा आणि आत्या तिथून चेंडू प्रेक्षकांत पाठवायची. वस्तादनं एक गोल केला, दुसरा केला, तिसरा तर आत्यानंच करून दिला.

"छोटी, डोकं फिरलंय का तुझं!" बाबा ओरडले. "निळ्याला दे, निळ्याला!"

"सगळेच पळतायत, निळा कुठला त्यात!"

"आपण निळे आहोत!"

मी तोंडात पदर कोंबून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हा आवाज! गुरुवारी दुपारी या घरात हा आवाज परत ऐकू येईल असं मला वाटलंच नव्हतं. बाबा सोफ्याच्या कडेवर आले होते, कान लाल, नजर पडद्यावर खिळलेली. वस्तादला ते जे काही म्हणाले ते मी लिहू शकत नाही.

शेवटची काही मिनिटं उरली. बाबांनी चेंडू अर्ध्या मैदानातून काढला, एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला मागे टाकलं. समोर फक्त गोलकीपर. "मार!" वस्तादच ओरडला, आपण विरुद्ध बाजूला आहोत हे विसरून. "मार, छोटी, मार!" बाबा ओरडले. आणि चेंडू गेला. खालून, डाव्या कोपऱ्यात, जाळीत.

आम्ही चौघंही उभे राहिलो. म्हणजे तिघं राहिलो, बाबा अर्धे उठून परत बसले. "शाबास, छोटी!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "आता कसा मारलास!"

"मी कुठे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, मी मारलाच नाही. मी घाबरून डोळे झाकले होते." आणि तिनं दाखवलं. तिचा कंट्रोलर सोफ्यावर पालथा पडला होता आणि दोन्ही हात अजून गालांवर होते.

वस्तादची नजर बाबांच्या मांडीवर गेली, मग माझी गेली. वॉशरवाल्या कंट्रोलरच्या मागे बाबांचं उजवं बोट होतं तिथेच होतं. फक्त जरासं आत वळलेलं. बाबा त्याच्याकडे असे बघत होते जणू ते कुणा दुसऱ्याचं आहे आणि आत्ताच ओळख करून दिलीय. त्यांनी ते सरळ करायचा प्रयत्न केला. केसभर हललं. परत वळवलं. पडद्यावरचा खेळाडू मोकळ्या मैदानात उगीचच एक लाथ मारून गेला.

वस्तादनं टॉवेलानं तोंड पुसलं आणि खूप वेळ पुसत राहिला.

खेळ संपल्याची शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो, पण ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. आत्यानं डोळे टिपले, नाक ओढलं आणि नव्या दमानं आपला कंट्रोलर सुलटा करून हातात घेतला. "चल दादा, दुसरा डाव! आता मला सगळं कळलंय."

"थांब," बाबा म्हणाले. त्यांची नजर अजून त्या बोटावर होती. "तू हात लावू नकोस."

हे वाक्य आत्यानं आजवर हजारदा ऐकलं असेल आणि एकदाही जुमानलं नसेल. त्या दिवशी तिनं कंट्रोलर खाली ठेवला. सोफ्यावर ताठ बसली, आणि अपडेट चालू असताना बसतात तसे दोन्ही हात मांडीवर ठेवले.